हळदीच्या पेवात बटाटा

बटाट्यातलं मला कळतं, असा एक समज आमच्या पाव्हण्यारावळ्यांत पसरला होता. पसरवणारा मीच. फौजेतली माझी निम्मी नोकरी रेशनच्या स्टोअरमध्ये गेली. सुट्टीवर गावी आलो की लोक विचारायचे, "सरहद्दीवर काय काय बघितलंसा?" खरं सांगायचं तर पोती बघितली. बर्फ पडायच्या आधी वर चढणारी आलूची पोती. बटाटा म्हटलं की तिकडं पंजाबी, गढवाली, बिहारी सगळेच तोंडाकडं बघायचे, त्यामुळं माझ्या जिभेवरचा बटाटा लवकरच गेला आणि तिथं आलू येऊन बसला. पण पोती बघितली असं सांगितलं तर मिशी ठेवून उपयोग काय? म्हणून मी सांगायचो, की डोंगरात आम्ही जमिनीत खड्डा खणून त्यात आलू ठेवायचो, आणि पुढचा रस्ता उघडेपर्यंत सगळी पलटण त्या खड्ड्यावर जगायची. हे खोटं नव्हतं. फक्त त्या खड्ड्यात हवा खेळती राहावी म्हणून पाइप घातलेले असायचे, एवढा तपशील मी कधी सांगितला नाही. लपवला असं नाही. मलाच तो महत्त्वाचा वाटला नव्हता.

पेन्शनीत निघाल्यावर कोरेगावाजवळच्या आमच्या रानात मी बटाटा लावला. भाऊबंद ऊस आणि आलं करत होते, आणि मला काहीतरी वेगळं करून दाखवायचं होतं. पेन्शनीतल्या माणसाला ही खोड लागते. लवकर उठायची सवय असते, आणि उठून कुणाला हुकूम द्यायचा हे कळत नसतं.

बटाट्याचं झाड फसवं. उसाचं बरं असतं, जे आहे ते डोळ्यांसमोर उभं. बटाटा वरती हिरवा पाला दाखवतो, पांढरी फुलं दाखवतो, एखाद्या झाडाला टोमॅटोसारखी बारकी फळंही धरतो, आणि ती कुणी खाल्ली तर त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. खरं जे चाललेलं असतं ते खाली, अंधारात. माझी बायको नदीकाठच्या हळदीच्या गावची. जमिनीखालच्या पिकाचं तिला नवल नव्हतं, पण बटाटा तिला आवडला नाही. काढणी झाल्यावर पडवीत टाकलेल्या ढिगाकडं बघून ती म्हणाली, "हळद कशी, शिजवली, वाळवली की मेली. मग ती कुटंबी ठिवा. ह्ये मरत न्हाई. घरात आणून ठिवलं तरी डोळं उघडतंय."

मी तिला आलूवर एक व्याख्यान दिलं. तिनं ते सुपात ज्वारी पाखडता पाखडता ऐकलं.

त्या वर्षी माघात सगळ्यांचाच बटाटा एकदम निघाला आणि बाजारात त्याच्याकडं कुणी ढुंकून बघेना. मी ठरवलं, थांबायचं. आपल्याकडं बटाट्याचं भाग्य उपवासावर उघडतं. आपल्या मातीत पिढ्यान् पिढ्या पिकलेली ज्वारी उपवासाला चालत नाही, आणि साता समुद्रापलीकडून आलेला, नावसुद्धा परक्यांचंच घेऊन आलेला हा कंद चालतो. हा निवाडा कुणी केला मला माहीत नाही, पण ज्यानं केला त्याच्या रानात बटाटा असणार. तर वटपौर्णिमेपासून उपवासांची रांग लागते, ती श्रावण संपेपर्यंत. तोवर माल टिकवायचा. मध्ये उन्हाळा उभा. शीतगृहं आधीच भरलेली.

तेव्हा मला सासरचं पेव आठवलं.

सांगलीच्या पल्याड नदीच्या वळणावर जी माती आहे, ती खणली तरी ढासळत नाही. म्हणून तिथं हळद जमिनीत साठवायची रीत. वर तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकंच, आणि आत गेलं की रांजणासारखं पोट. कडेनं पाला आणि चटया लावायच्या, हळद भरायची, तोंडावर दगडी झाकण ठेवून ते मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा जात नाही, किडा जगत नाही, आणि हळद वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते. महापुराचं पाणी शिरून त्यातली बरीच पेवं कामातून गेली. माझ्या सासरच्या घरामागच्या परड्यातलं मात्र उंचवट्यावर असल्यानं वाचलं होतं. वाचलं होतं, पण वापरात नव्हतं. त्यात पूर्वी कधीतरी माणूस गेला होता, एवढं मला माहीत होतं. कसा गेला, हे जावयाला कुणी सांगितलं नव्हतं आणि जावयानं विचारलं नव्हतं. माझी सासू परड्यात शेण्या लावायला जायची, ती त्या झाकणाला वळसा घालून.

मी मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा माझ्यापेक्षा बराच लहान, घरची शेती बघणारा, मला दाजी म्हणणारा आणि माझ्या फौजेतल्या गोष्टी मनापासून ऐकणारा. असा श्रोता मिळणं वाईट.

"गड्या, तुझं पेव कसं हाय?"

"हाय की दाजी. गप पडलंय."

"आत थंड आसंल?"

"फ्रीज हाय म्हणा की."

"मग बटाटा घालू त्यात."

मग तो म्हणाला, "आईला इचारतो." आणि मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "कुणाला काय घालायचंय?"

मी स्वतःच टेम्पो भरून गेलो. आष्ट्याला चहा घेतला, टेम्पोवाल्याला डोंगरातल्या खड्ड्याची गोष्ट सांगितली आणि दुपारपर्यंत सासरच्या दारात. आता आमच्याकडं जावई म्हणजे काय, हे सांगायला हवं. जावयाला त्या घरात पाण्याचा तांब्या उचलू देत नाहीत, आणि त्याच्या शब्दाला नाही म्हणत नाहीत. माझी सासू तर जुन्या वळणाची, माझ्याशी थेट बोलायचीसुद्धा नाही. मी समोर बसलेलो असलो तरी लेकाला म्हणणार, "जावयास्नी इचार, च्या ठिवू का?" मीही तिच्याऐवजी मेव्हण्यालाच उत्तर द्यायचो. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमचं सगळं बोलणं असं तारेवरून.

त्या दिवशी ती दारात उभी राहून लेकाला म्हणाली, "हळदीच्या जागंत दुसरं कशाला? त्यांस्नी म्हणावं, माळ्यावर ठिवा."

"मामी," मी मेव्हण्याकडं बघत म्हणालो, "माळ्यावर तापतं. फौजेत आम्ही ह्येच करत हुतो."

ती पदर सारखा करून आत गेली. हे नाही म्हणणं होतं, हे आज कळतं. मेव्हण्याची बायको मात्र सरळ बोलणारी. म्हणाली, "दाजी, घालताना वरनं वतून हुतंय. काढताना कोण उतरणार?"

"मी उतरंन की!"

यावर घरातले सगळे हसले. जावई पेवात उतरणार! मग कोण उतरणार ते सगळ्यांना समजलं, आणि त्याची बायको हसायची थांबली.

आम्ही पेव झाडून घेतलं, कडेनं उसाचं पाचट लावलं आणि बटाटा ओतला. निम्म्याच्या वर भरलं. झाकण ठेवून मेव्हण्यानं चिखल लिंपला आणि लहान पोरासारखा त्यावर पंजा उमटवला. मी गावी परत आलो.

चैत्र निघाला तसे फोन सुरू झाले.

"दाजी, पेवाच्या तोंडावरची माती ओली दिसाय लागलीय. पाऊस न्हाई, पाणी न्हाई."

"जमिनीचा ओलावा आसतो रं."

"आजपातुर कवा दिसला न्हाई."

"आजपातुर आत बटाटा कवा हुता?" मी म्हणालो. त्याला हे पटलं. मलाही पटलं.

पुढं एकदा म्हणाला, "कोंबड्या तितं फिरकंनात वो. सगळं परडं उकरत्यात आन् त्येवढी जागा सोडत्यात."

"बरं झालं की. माल राखला जातोय."

वैशाखात त्यानं सांगितलं, की वास येतोय. मी विचारलं, कसला. म्हणाला, "वाईट न्हाई. ग्वाड. कुजल्यावाणी ग्वाड." मी त्याला म्हणालो, माल पिकत असणार. बटाटा पिकत नसतो. काढला तेव्हाच तो जेवढा व्हायचा तेवढा झालेला असतो. पलटणीला आलू खाऊ घातलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं, आणि खरं म्हणजे कळतही होतं, पण फोन कानाला लावला की माझ्या तोंडून दुसराच माणूस बोलतो. बायको शेजारी बसून ऐकत होती. म्हणाली, "तुमी त्याला उघडून बघाय का सांगत न्हाई?"

"आत्ता उघडलं तर उष्णता आत शिरंल."

"आन् न्हाई उघडलं तर आत काय हुईल?"

मी टीव्ही मोठा केला. पण त्यानंतर मला रानात, आंघोळीला, कुठंही असताना ते पेव दिसायला लागलं. म्हणजे वरचं झाकण नाही, आतलं. अंधारात एकावर एक पडलेले ते असंख्य बटाटे, आणि प्रत्येकाला डोळे.

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी उघडायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी बायकांचे उपवास, त्यामुळं बाजारात मागणी असणार. आम्ही नवराबायको सकाळीच पोचलो. परड्यात शिरताना मला तो वास आला. गोड होता खरा. आजारी माणसाच्या खोलीत फळं ठेवून विसरली, की तिथं येतो तसा. बायकोनं पदर नाकाला लावला आणि एकदा माझ्याकडं बघितलं.

मेव्हण्यानं पहारीनं लिंपण फोडलं. दोघांनी मिळून झाकण सरकवलं. आतून गरम हवा आली. फ्रीज म्हणाला होता तो. ओल्या भांड्यातून यावी तशी जड हवा, तोंडावर आली आणि खाली बसली. आत वाकून बघितलं तर कडेच्या बटाट्यांना कोंब फुटले होते. पांढरे, करंगळीएवढे जाड, हातभर लांब. सगळे वर, झाकणाच्या दिशेनं आलेले, आणि टोकं काळी पडून लोंबत होती. मेव्हणा म्हणाला, "आयला, दाजी, ह्ये तर हात वर करून बसल्यात."

मी म्हणालो, "वरचे गेले आसतील. खालचा माल बघू."

लगेच उतरायचं नाही, एवढी रीत त्यालाही माहीत होती. पेव उघडं टाकायचं, दिवसाचा बराच भाग जाऊ द्यायचा, आणि मग कंदील सोडून बघायचा. आम्ही उघडं टाकलं आणि चहा प्यायला बसलो. चहा झाला, दुसरा झाला. बाजाराची वेळ डोक्यात. मी उठलो. स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला, भिंतीला सांगितल्यासारखा: "कंदील सोडल्याबिगर पाऊल घालू नगा म्हणावं. आन् कमरंला दोर बांधा."

दोर होता. कंदील नव्हता. एक सापडला, त्याची काच फुटलेली, वात उंदरांनी नेलेली. रॉकेल तर कुणाच्या घरात उरलंय? मेव्हणा म्हणाला, शेजारी बघून येतो. मी म्हणालो, "कशाला? कंदील म्हणजे उजेडच ना? मोबाईल सोडू." माझाच नवा फोन. पोरानं दिलेला. त्याची बॅटरी लावून, पिशवीत घालून, सुतळीनं मी तो खाली सोडला. तो बटाट्यांच्या ढिगावर जाऊन टेकला आणि आतलं सगळं पोट उजळून निघालं. किती सुंदर उजेड होता! जरासुद्धा हलला नाही. मंद झाला नाही.

दारातून सासूनं विचारलं. लेकाला नाही, कुणालाच नाही, पण तोंड माझ्या दिशेला करून: "दिवा जळतोय का?"

"जळतोय मामी, लख्ख!"

ती समाधानानं आत गेली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणाची वाक्यं बोललोय, त्यांतली निवडक सांगून लोकांना हसवतोही. हे वाक्य मी कुणाला सांगत नाही. आज लिहितोय.

मेव्हण्यानं दोर कमरेला बांधला, काठावर बसला, पाय सोडले. त्याची बायको आणि माझी बायको ओसरीवर उद्याच्या पूजेची ताटं मांडत होत्या. त्याची बायको तिथूनच म्हणाली, "चांगला निवडून द्या, उद्याच्या उपासाला." तो म्हणाला, "व्हय महाराणी," आणि उतरला. फार खोल नव्हतं. आत निम्म्याच्या वर बटाटाच होता. मी वाकून हात लांब केला असता, तर त्याच्या टोपीपर्यंत थोडकाच कमी पडला असता.

"कसं हाय रं?"

"रबडी झालीय दाजी. पाय चाललाय आत."

"खालचं बघ, खालचं."

तो वाकला. बटाटा हातात घेऊन उजेडात धरला असावा. म्हणाला, "ह्यो चांगला हाय." मग जरा वेळानं पुन्हा म्हणाला, "ह्यो चांगला हाय." मग तिसऱ्यांदा तेच, पण सावकाश, जेवून पडलेल्या माणसासारखं. मी म्हणालो, "आरं एकच किती वेळा सांगशील? टाक वर." तो हसला. मग हसणंही आलं नाही.

मी वाकून बघितलं. तो बसला होता. नुसता बसला होता, पाचटाला टेकून, हातात बटाटा धरून, मान छातीवर. आणि शेजारी माझा मोबाईल त्याच्या तोंडावर उजेड टाकत होता. लख्ख.

मी काय केलं ते सांगतो. मी चपला काढल्या. खरंच. पेवात उतरायला म्हणून चपला काढून बाजूला जोडीनं ठेवल्या, आणि काठावर बसून पाय आत सोडले. तेवढ्यात मागून माझ्या सदऱ्याची मान कुणीतरी अशी धरली, की वरची दोन बटणं उडाली.

"उतरायचं न्हाई!" सासू होती. डोक्यावरचा पदर खाली पडलेला. "माझा दीर बी असाच गड्याच्या मागनं उतरला हुता. गडी वर आला, त्यो आला न्हाई. वड! दोर वड मुडद्या! वड!"

इतक्या वर्षांत ती माझ्याशी थेट बोलली ती अशी.

मी ओढला. बेशुद्ध माणसाचं वजन काय असतं ते फौजेत शिकवतात, पण तिथं चार जण असतात. ताटं टाकून दोघी धावत आल्या. चौघांनी दोर धरला. तो वर आला तसा कमरेत मुडपून आला आणि तोंडापाशी अडकला. पेवाचं तोंड एवढंसं, आणि त्याचे खांदे आडवे. खालून तो गोड वास आणि वर त्याचा चेहरा, ओठ जांभळ्या शाईत बुडवल्यासारखे. त्याची बायको पालथी पडली, श्वास कोंडून तिनं डोकं आत घातलं, त्याचा एक हात बगलेतून धरून वर उपसला. खांदा सुटला. तो बाहेर आला आणि मातीवर पडला.

श्वास नव्हता. किंवा होता तो आम्हाला दिसत नव्हता. मी त्याच्या तोंडात तोंड घालून हवा फुंकली. एवढं एक फौजेनं मला नीट शिकवलं होतं. सासू त्याचे तळपाय चोळत होती आणि दिराचं नाव घेत होती, लेकाचं नाही. माझी बायको फोन शोधत होती. माझा फोन खाली पेवात होता, अजून जळत. शेवटी तो खोकला. तो खोकला मला अजून ऐकू येतो. त्याच्या तोंडातून आलेल्या हवेलाही तोच वास होता.

सांगलीच्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन लावला. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. म्हणाल्या, बटाटे जमिनीतून काढले तरी जिवंत असतात, श्वास घेतात, तुम्ही त्यांना कोंडलंत. होती तेवढी हवा त्यांनी संपवली आणि मग कुजले. जी हवा उरली ती जड असते, तळाला बसते, वरचं झाकण काढलं म्हणून निघून जात नाही. मग विचारलं, "उतरायच्या आधी तपासलं नाही का? त्या भागात दिवा सोडतात ना?"

"सोडला हुता," मी म्हणालो.

"विझला नाही?"

"मोबाईलचा हुता."

त्या हसतील असं वाटलं. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पुढच्या खाटेकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा उठून बसला. डोकं ठणकत होतं, पण ओळखत होता, चहा मागत होता. खिडकीतून नटूनथटून वडाकडं निघालेल्या बायका दिसत होत्या. त्याची बायको कालच्याच लुगड्यात, मातीनं भरलेली, खाटेच्या पायाशी बसलेली. मी त्याला धीर द्यावा म्हणून म्हणालो, "लय तरास झाला का रं खाली?"

"न्हाई दाजी," तो म्हणाला. "तरास कसला? लय बरं वाटलं. अंग हलकं झालं. लहानपणी झोपल्यावर कुणीतरी पांघरूण घालतंय बगा, तसं. वर यायचं मनातच आलं न्हाई."

हे त्यानं हसत सांगितलं. गंमत सांगावी तसं. आणि पुढं म्हणाला, "भ्यायसारखं न्हाई वो त्यात कायबी."

त्याची बायको उठली. मला म्हणाली, "दाजी, गाडी काडा."

मला वाटलं, वडाला जायचं असेल. वाटेत पूजेचं सामान घेऊ का, असंही मी विचारलं. ती म्हणाली, "वड कुटं पळून चाललाय व्हय? आदी त्ये बुजवायचं."

माझी बायको भावापाशी थांबली. तिनं गाडीत बसल्या बसल्या फोन करून मातीची ट्रॉली सांगितली. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॉली परड्यात उभी होती. पेवाचं तोंड तसंच उघडं, भोवती कालची ताटं, हळदकुंकू सांडलेलं, माझ्या चपला जोडीनं ठेवलेल्या. खालचा उजेड विझला होता. बॅटरी संपली असणार.

त्या वेळीसुद्धा माझ्या तोंडून काय निघावं? म्हणालो, "तळाचा माल कदाचित..."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खोरं उचललं.

दिवसभर माती ओढली. तिनं त्या दिवशी उपवास कडक धरला, पाण्याचा थेंब नाही. सासू ओसरीवर बसून बघत होती आणि जावयाला खोरं खाली ठेवायला कुणी सांगत नव्हतं. ओल्या वस्तूवर माती पडली की जो आवाज होतो, तो सुरुवातीला येत होता. मग यायचा थांबला. तोंडापर्यंत भरलं, वर चांगला उंचवटा केला, तुडवून घट्ट केला. बटाटे आत, फोन आत.

काही दिवसांनी मेव्हणा घरी आला तो चालत, स्वतःच्या पायांनी. जेवला, गुरांना हात लावून आला, आणि मग परड्यात गेला. मी मागोमाग गेलो. उंचवटा सपाट झाला होता. मध्ये थोडा खळगा पडला होता, परातीएवढा. खाली सगळं बसत चाललं असणार. तो कडेला उभा राहिला आणि पायाचा अंगठा त्यात दाबून बघायला लागला.

"बुजवलं व्हय?" म्हणाला. आवाजात राग नव्हता. काहीतरी दुसरं होतं. "कुणी?"

"म्या," दारातून त्याची बायको म्हणाली. "हिकडं या."

"आता काय हाय भ्यायसारखं? माती तर हाय."

"हिकडं या म्हनते न्हवं."

तो आला, पण लगेच नाही.

ती जागा अजून खचते. पाऊस झाला की जास्त. आम्ही सासरी गेलो, की मेव्हण्याची बायको काही न बोलता रिकामी टोपली माझ्यासमोर आणून ठेवते, आणि मी उठतो. दोनचार टोपल्या मातीत काम होतं. भरून झालं की ती आधी एकटी त्यावर जाऊन उभी राहते. टाच रोवून, इकडून तिकडं, पाऊल पाऊल चालून बघते. मग घराकडं तोंड करून, तोवर दारातच थोपवून ठेवलेल्या नवऱ्याला सांगते, आता या म्हणून.